समुद्राचा धुरा

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्रावर इतका हक्क सांगणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. सातबाऱ्यावर नाव लागायचं तेवढं बाकी आहे. त्यांची संत्र्याची बाग अचलपूरजवळ, बाजार परतवाड्याचा, आणि समुद्राआधी पाहिलेला पाण्याचा मोठा साठा म्हणजे शेतातली विहीर. तरी गेली तीस वर्षं, बाग उतरली की हा गृहस्थ हिवाळ्यात आठ दिवस गोव्याच्या एका किनाऱ्यावर जाऊन राहतो. गाडी अकोल्याहून पकडायची, म्हणून जाताना एक आणि येताना एक असे दोन मुक्काम जठारपेठेत आमच्याकडे असतात. त्यामुळे समुद्राचं काय चाललं आहे हे मला वर्तमानपत्राच्या आधी कळतं, आणि वर्तमानपत्रापेक्षा जास्त रागात कळतं.

पहिल्यांदा ते गेले ते संत्र्याच्या ट्रकबरोबर. ट्रक तिथे बंद पडला, दुरुस्तीला चार दिवस लागले, आणि एका कोळीणबाईने त्यांना आपल्या ओसरीवर जागा दिली. तिला ते माय म्हणू लागले. मायच्या घराच्या दाराला कडी नव्हती, अंगणापुढे रेती आणि रेतीपुढे थेट पाणी. मधे माणूस नाही, कुत्रं नाही. दुसऱ्या कोणी अशा जागी कविता केली असती. साडूंनी पुढच्या वर्षी घरून जाताना आपल्या शेताच्या धुऱ्यावरचा एक काळा दगड पिशवीत घालून नेला आणि मायच्या अंगणाच्या कडेला, सुरूच्या झाडाखाली पुरला. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि हातभर धुरा कोरला म्हणून सख्ख्या भावांची घरं तीन-तीन पिढ्या एकमेकांकडे जेवत नाहीत. तेव्हा दगड पुरणं ही साडूंच्या मते समुद्राशी ओळख करून घेण्याची साधी रीत होती. मग दगडाला पाठ लावून पाण्याच्या ओल्या रेघेपर्यंत त्यांनी पावलं मोजली. एकशे बारा भरली. तेव्हापासून दर वर्षी पोचल्यावर चहाच्या आधी मोजणी होते. फक्त मोकळी रेती मोजायची, अडलेली सोडायची, असा नियमही त्यांचाच.

आता एवढी सुंदर जागा सापडल्यावर शहाण्या माणसाने तोंड बंद ठेवलं असतं. साडूंनी ती अख्ख्या वऱ्हाडाला सांगितली. परतवाड्याच्या बसस्टँडवर सांगितली, संत्र्याच्या लिलावात सांगितली, अमरावतीच्या एका लग्नात तर पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरून सांगितली. प्रत्येकाला शेवटी "पन कोनाले सांगू नका" असं बजावलं, त्यामुळे ती बातमी दुप्पट वेगाने गेली. पंधराएक वर्षांनी एका सकाळी ते मोजणी करत होते तेव्हा मागून आवाज आला, "काहून बे, येतं का पान्यात?" वळून पाहतात तर परतवाड्याचे दोन व्यापारी, सहकुटुंब, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे. साडू मला म्हणाले, "साडूभाऊ, लोकायनं जागा सोडली नाई कोठं." लोकांना जागा कोणी दाखवली, हा प्रश्न मी गिळला. ते थोरले साडू आहेत.

पुढची हकिगत त्यांच्या पावलांनी सांगता येते. शहाण्णवच्या वर्षी चहाची टपरी आली. ऐंशीच्या वर्षी छत्र्या आणि लोळायच्या खुर्च्या. त्यांच्या बोलण्यात "शहाण्णवचं साल" म्हणजे कॅलेंडरातलं नव्हे, रेतीतलं, शहाण्णव पावलं भरली ते, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला. सत्तरच्या वर्षी गाणी सुरू झाली, आणि किनाऱ्यावर एक टोपी घातलेला पोरगा हळूच नशेच्या गोळ्या विकायला त्यांच्याजवळ आला. साडूंनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि अर्धा तास समजावलं. "तुह्या हाताले काम पाहिजे तं अचलपूरले ये. संत्रा तोडाले मले मानसं भेटून नाई राहिले. दोन टाइम जेवन देतो." त्यानंतर तो पोरगा साडू दिसले की रस्ता बदलायचा. त्या किनाऱ्यावर गुन्हेगारीला बसलेली एवढीच जरब माझ्या माहितीत आहे.

चोपन्नचं साल शेवटचं बिनकुलपाचं. त्याच्या पुढच्या वर्षी साडू आंघोळीला पाण्यात उतरले असताना रेतीवर ठेवलेली त्यांची पिशवी गेली. तीस वर्षांपैकी बरीच वर्षं ती तिथेच, तशीच राहिली होती. टॉवेल आणि बनियनवर ते पोलीस चौकीत गेले. हवालदाराने पिशवीतले कपडे लिहून घेतले, चष्मा लिहून घेतला, मिरचीच्या ठेच्याची बरणीही लिहून घेतली. मग साडू म्हणाले, "आता लिवा, पासष्ट पावलं रेती बी गेली." हवालदाराने पेन खाली ठेवलं. ती तक्रार नोंदवायला कोणतं कलम लागतं यावर दोघांची भली चर्चा झाली म्हणे. संध्याकाळी पिशवी झुडपात सापडली. सगळं गेलं होतं, ठेचा तेवढा होता, आणि बरणीचं झाकण घाईने लावलेलं होतं. "चोर आपल्याकडचा नोहता," साडू समाधानाने म्हणाले. पण त्याच दिवशी मायने दाराला कडी बसवली आणि कडीला हातभर कुलूप लावलं. आपली पिशवी गेली त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कुलपाचं वाटलं.

आणि इथेच खरी पंचाईत झाली. आमच्या मेव्हणीबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, समुद्र पाहिला नव्हता. तीस वर्षं साडू त्यांना "चाल" म्हणत आणि त्या "पुढच्या साली" म्हणत. कुलूप लागल्यावर साडूंनी "चाल" म्हणणं बंद केलं, आणि तेव्हाच बाईंनी मनावर घेतलं. मग साडूंना त्यांचे गुडघे आठवू लागले, बागेतली रानडुकरं आठवू लागली. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओसरीवर बसून ते मला हळू आवाजात म्हणाले, "तीस साल तिले सांगतलं. मानूस नाई, कुत्रं नाई, दाराले कडी नाई. आता तिले काय दाखवू? ती म्हनन, हा बुवा जनमभर माह्याशी लबाड बोलला." हा माणूस कोणाला घाबरतो असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या हिने दाराआडून ऐकलं आणि चार तिकिटं काढायला लावली.

गाडीत साडू रस्ताभर किनाऱ्याची किंमत उतरवत होते. "तेवढं काई नाई तिथं," "पहिल्यासारकं नाई रायलं." पोचलो तर रेतीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाणी दोन बाजूंनी दोन, पाण्यात धूर सोडणाऱ्या फटफट्या, आणि "आपले सामान सांभाळा" असा चार भाषांतला फलक. साडू समुद्राकडे बघतच नव्हते, बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाईंनी पदर खोचला, रेतीवर बसल्या, पिशवीतून फुटाणे काढले आणि बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं.

"इतकी मानसं येतात व्हय अठी?" त्या म्हणाल्या.

साडूंनी मान खाली घातली. "पहिले नोहती."

"म्हनूनच तं मी येत नोहती," बाई म्हणाल्या. "तुमी सांगत होते का तिथं मानूस नाई, दिवा नाई, दाराले कडी बी नाई. मी म्हनो, अशा जागी बाईमानसानं काहून जाव? आता कसं, पोलीस बी दिसून राहिला."

मी आणि आमची ही, दोघं दोन दिशांना पाहू लागलो. बायकोला ओढ लागावी म्हणून तीस वर्षं ते जे रंगवून सांगत होते, त्यानेच ती तीस वर्षं घरी बसली होती. साडू लबाड ठरले नाहीत, पण त्यांची जागा तिने पाहिलीच नव्हती, आणि आता ती दाखवायला उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, खुर्च्या मांडायच्या आत, त्यांनी बाईंना सुरूच्या झाडाखाली नेलं. मायच्या अंगणाला आता भिंत आहे, पण दगड भिंतीच्या बाहेर राहिला आहे. बाईंनी वाकून त्यावरून हात फिरवला. "हा तं आपल्या खालच्या वावरातला," त्या म्हणाल्या. शेतातला दगड त्यांनी शेजारणीचा चेहरा ओळखावा तसा ओळखला. साडू नियमाप्रमाणे, अडलेली रेती सोडून, लांब ढांगा टाकत पाण्यापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "एकतीस." गेल्या वर्षीपेक्षा चार कमी.

"थांबा, मी मोजतो," बाई म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. त्या निघाल्या. गुडघे दुखरे, पातळ ओलं होऊ नये म्हणून वर धरलेलं, एकेक पाऊल वीतभर पुढे. ओठ हलत होते. साडू पाण्याच्या रेघेवर उभे राहून वाट पाहत होते. पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

"चोपन्न," त्या म्हणाल्या.

हातभर धुऱ्यासाठी चुलतभावाला कोर्टात उभा करणारा हा माणूस. दुसऱ्याचं माप त्याने जन्मात मान्य केलेलं नाही. मला वाटलं, आता पुन्हा मोजायला लावणार. साडूंनी मागे वळून दगडाकडे पाहिलं, मग बाईंच्या पायांकडे पाहिलं.

"चोपन्नच्या साली," ते म्हणाले, "मायच्या दाराले कुलूप नोहतं." आणि मग, "तुवा पाहिलं मंग ते."

परतीच्या गाडीत मी विचारलं, यंदा किती भरली. ते खिडकीबाहेर पाहत होते. "चोपन्न," म्हणाले, आणि बाईंच्या हातातले दोन फुटाणे उचलून तोंडात टाकले.