मी सही नाकारली तेव्हा

आज सकाळी धाकट्या बहिणीबरोबर बिबवेवाडीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिला दोन मुलं आहेत. तिसरं नको, गर्भपात करायचा, हे तिनं ठरवलं आहे. तिचा नवरा नोकरीसाठी बाहेरगावी असतो.

काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, "आपण मिस्टर का?"

"भाऊ."

"चालेल. इथे सही करा."

"मी सही करणार नाही. कायद्यानं फक्त तिचीच सही लागते. कोर्टानंही तेच सांगितलंय."

"माहितीये हो आम्हाला. पण नंतर भांडायला घरचे पुरुषच येतात. कोर्ट येत नाही."

शेवटी डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी तिची एकटीची सही घेतली आणि परवा यायला सांगितलं. मी मनातून खूश होतो.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "दादा, तू सही करणार नाही म्हणालास आणि मी घाबरलेच. वाटलं, तू गर्भपातालाच नको म्हणतोयस."

तिच्या हक्कासाठी मी भांडलो, पण त्याआधी तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. निर्णय तिचा होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

तुमच्या घरातली बाई अशा वेळी कुणाच्या तोंडाकडे बघते?