डाव्या खांद्याची कार्बाइन

पोलिसात येऊन सहा वर्षं झाली होती, तरी गोळीबाराचा सराव जवळ आला की मला तो नकोसा व्हायचा. उंची बेताची. लांब रायफलचा दस्ता खांद्याला नीट बसायचाच नाही. दरवर्षी काठावर पास व्हायचं आणि गावी फोन केला की विषय टाळायचा. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, माण तालुक्यात मेंढरं सांभाळत होते. त्यांना काय सांगणार?

त्या वर्षी सांगलीच्या मुख्यालयात नव्या कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली, आल्या. आम्हाला हत्यारं शिकवणारे उस्ताद माझ्या शेजारी येऊन बसले. मी कार्बाइन डाव्या हाताने उचलून उजव्या खांद्याला लावली, तसे म्हणाले, "बाई, डावखुऱ्या हाय काय तुमी?"

मी ओशाळले. "व्हय सर. पण रायफल डावीकडनं मारली की गोळीची रिकामी पुंगळी तोंडासमोरनं उडती. एकदा गालाला चटका बसला, तवापासनं उजवीकडनंच मारते."

"आवं, मग सांगायचं न्हाई व्हय?"

त्यांनी कार्बाइन घेतली. मागचा दस्ता आत सरकवून माझ्या हाताच्या मापाचा केला. सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना होता. पुंगळी बाहेर पडते तिथे मागे छोटा उंचवटा होता, त्यावर आपटून ती पुढे उडायची. "आता लावा डाव्या खांद्याला."

लावली. जणू आपलंच काहीतरी हातात आलं. दहापैकी आठ गोळ्या आतल्या वर्तुळात गेल्या. उस्तादांनी निशाणाचा कागद दोनदा पाहिला आणि नुसतं "लय भारी" म्हणाले.

पुढे सांगलीतल्याच विश्रामबागेत लोकांसाठी हत्यारांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी कार्बाइन उचलली, दस्ता आतबाहेर करून पाहिला.

"एवढी हलकी? झटका बसतो का न्हाई?"

"बसतो, पण सोसवतो. गाडीतनं उतरताना कुठं अडकत न्हाई."

मग मी त्यांना डाव्या खांद्याचं सगळं सांगितलं. त्यांनी कार्बाइन टेबलावर ठेवली.

"जेवताना तुझ्या डाव्या हातावर मीच मारायचो," म्हणाले. "चुकलंच माझं."

इतक्यात एक निवृत्त मास्तर टेबलाशी आले आणि मला काहीतरी विचारू लागले. मी तोंड उघडण्याआधीच वडील म्हणाले, "मी सांगतो. ही माझी पोरगी, डाव्या हातानं मारती." आणि त्यांनी दस्त्यापासून सुरुवात केली. जेवणाची सुट्टी झाली तरी ते तिथून हलले नाहीत. मीही त्यांना हलवलं नाही.