वीस किलोंची रिकामी जागा

परबकाका रोज दुपारचं जेवण झालं की खाली पार्किंगमध्ये उतरत, तिथल्या काळ्या, बुटक्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं डावं दार उघडत, आत बसत आणि पट्टा लावत. इंजिन बंद, उजवी सीट रिकामी. गाडीच्या नाकासमोर भिंत होती आणि भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलेलं होतं. घाटातून जाताना माणूस समोर बघतो तसे ते तासभर त्या भिंतीकडे बघत बसत. मग पट्टा काढून वर येत आणि चहा टाकत.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीला याची सवय झाली होती. नवल वाटायचं ते नव्या भाडेकरूंना. तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या एका तरुणाने एकदा वाकून विचारलं, “काका, ड्रायव्हर आला नाही वाटतं अजून?”

“आलाय की,” काका म्हणाले.

तो तरुण त्यानंतर आपली स्कूटर बाहेर रस्त्यावर लावू लागला.

ज्यांनी काकांना पाहिलेलं नाही त्यांना वाटेल, हे कुणी अंगारे-धुपारेवाले गृहस्थ असणार. अजिबात नव्हते. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांच्या तराजूंखाली चिकटवलेली लोहचुंबकं काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतरही भाजीवाल्याचं पारडं उलटं करून पाहिल्याशिवाय ते भेंडीला हात लावत नसत. घरात दाराआड सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं लोखंडी वजन असे आणि खिळ्याला हुकाचा स्प्रिंगकाटा. आमच्या इमारतीपाशी आला की रद्दीवाला ओरडायचं बंद करून पुढे सरकायचा.

मी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. काका मला ‘संपादक’ म्हणत, कारण खरं पद उच्चारायला त्यांना कंटाळा येई. दोघांचाही धंदा दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा असल्यामुळे आमचं जमलं. एरवी ते आपल्यासारखंच बोलत, पण मुद्द्यावर आले की कुडाळ बाहेर यायचं. “काटो खोटा बोलणा नाय, संपादक. खोटा बोलता तो काट्यामागलो माणूस.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्याचा पुढे असाही उपयोग होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ती गाडी त्यांच्या मुलाची, केदारची. आई लहानपणीच गेलेली, बापाने एकट्याने वाढवलेला, उंच, हसरा, पवईच्या एका चकचकीत ऑफिसात कामाला असलेला मुलगा. गाडी आली तीही दुसऱ्या हाताची, पण सोसायटीने पहिल्या हाताचा सोहळा केला. अध्यक्षांनी मराठी तरुणाच्या भरारीवर भाषण केलं, कुणीतरी नारळ फोडला आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवून केदारने गाडी पुढे घेतली.

“सरबत झालं असतं,” चिरडलेल्या लिंबांकडे बघत काका म्हणाले.

“अहो बाबा, नजर लागू नये म्हणून.”

“नजरेचं वजन किती असतं? सांग, मी मोजून देतो.”

वर्षभर गाडी नीट चालली आणि मग केदारच्या डोक्यात कार्बन फायबरची चाकं शिरली. एका रविवारी मी काकांकडे घावणे खात असताना हा खटला उभा राहिला.

“आत्ताच्या अ‍ॅलॉय चाकांपेक्षा चारांत मिळून वीस किलो कमी, बाबा.”

“वीस? आपली तांदळाची गोण पंचवीसची असते. तेवढ्यासाठी एवढे पैसे?”

“गोण डिकीत असते हो. हे फिरणारं वजन आहे. खिशात दगड ठेवून चालणं वेगळं आणि चपलेला दगड बांधून चालणं वेगळं. चाक हलकं झालं की गाडी पटकन उचलते, पटकन थांबते, वळताना हातात कळतं.”

“मग चप्पल काढ. फुकटात होईल.” काका माझ्याकडे वळले. “काय संपादक? घ्यावीत का?”

मी खरं तेच सांगितलं. शर्यतीच्या ट्रॅकवर पळणाऱ्याने जरूर घ्यावीत. पण ही गाडी एलबीएस मार्गावर पाण्याच्या टँकरमागे दुसऱ्या गिअरमध्ये आयुष्य काढणार. तिथे चाक हलकं असलं काय आणि दगडी असलं काय. शिवाय साधं चाक खड्ड्यात आपटलं की वाकतं, कुरकुरतं, दिसतं. कार्बनचं बाहेरून धड दिसतं आणि आतून तडकलेलं असू शकतं. “त्यापेक्षा त्या पैशांत पवईलाच घर भाड्याने घे,” मी म्हणालो. “सगळंच वजन वाचेल.”

केदार हसला. चिडायचा स्वभावच नव्हता त्याचा.

“बरं, हे वीस किलो कमी करून त्या जागी ठेवणार काय?” काकांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. रिकामी जागा. तिचेच तर पैसे असतात.”

काका त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. पवईच्या तळ्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ म्हणून केदार मागे लागे. “मी बसलो की तुझा सगळा हलकेपणा गेला बोंबलत,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशीही त्यांनी तेच दिलं.

“म्हणून तर चाकं घेतोय,” केदार म्हणाला. “ती आली की तुमच्यापुरती जागा होईल. मग बसाल?”

“बघू,” काका म्हणाले.

चाकं परदेशातून यायची होती. ती यायच्या आत केदार गेला. ऑफिसात, भर दुपारी, मीटिंग चालू असताना, खुर्चीतच. शेजारच्याला वाटलं, तो पडद्याकडे बघतोय.

महिनाभराने चार मोठी खोकी घेऊन टेंपो आला. काकांनी सही केली आणि प्रत्येक खोकं स्प्रिंगकाट्याला टांगून पाहिलं. मी म्हटलं, परत पाठवता येतील, मी कंपनीला लिहून देतो.

“मी त्याला ‘बघू’ म्हटलं होतं, संपादक. आता बघायला नको?”

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत केदारच्या ओळखीचं एक गॅरेज होतं. शर्यतीच्या गाड्यांची कामं करायचं. तिथे प्रत्येक चाकाखाली ठेवायचे चार चपटे वजनकाटे, त्यांच्या भाषेत ‘पॅड’, होते आणि चारही काट्यांचे आकडे भिंतीवरच्या एका पाटीवर उमटत. काकांना गाडी चालवता येत नव्हती आणि केदारच्या जागी दुसऱ्याला बसवायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून गाडी ट्रकवर चढवून नेली. आम्ही रिक्षाने गेलो. काकांच्या पायाशी ते वीस किलोचं लोखंडी वजन होतं.

आधी जुन्या चाकांसकट गाडीचं वजन झालं. मग चाकं बदलली. जुनी चार आणि नवी चार काकांनी स्वतः मोजली. फरक वीस किलोंचा. केदारचं गणित चोख होतं. काकांच्या चेहऱ्यावर जरा अभिमान आला. मग गाडी पुन्हा काट्यांवर टेकवली.

एकूण आकडा मघाचाच होता.

“पेट्रोल?” मी म्हणालो.

“गाडी जागची हललीय का?”

“मग कुणी पाना-बिना विसरलं असेल आत.”

पाना नव्हता. पायपुसणीसुद्धा काढून पाहिली. “काका, पॅड बिघडला असेल, सोडा ना,” गॅरेजवाला म्हणाला. हा पन्नाशीचा, शांत, तोंडात बडीशेप चघळणारा माणूस. गाडी उतरवून काकांनी आपलं लोखंडी वजन एकेका काट्यावर ठेवलं. चारही काटे खरे निघाले. पुन्हा गाडी, पुन्हा तोच आकडा. मग त्यांनी चष्मा पुसला आणि एकूण आकडा सोडून सुटे आकडे वाचले. डाव्या बाजूचे दोन्ही कमी झाले होते, व्हायला हवे तसे. उजव्या बाजूचे वाढले होते.

उजवीकडे चालकाची सीट.

आयुष्यभर ज्याने काट्यावर विश्वास ठेवला त्याच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. काटा खोटा म्हणायचा, किंवा काटा सांगतोय ते मानायचं. मी पहिली धरली असती आणि घरी जाऊन जेवलो असतो. काका उजव्या खिडकीपाशी गेले, वाकले आणि शाळेतल्या मुलाला उठवावं तशा आवाजात म्हणाले, “केदार, जरा उतर बघू.”

मी तेव्हा काकांच्या तोंडाकडे पाहत होतो. पाटीकडे पाहत होता तो गॅरेजवाला. त्याचं बडीशेप चघळणं थांबलं.

“बस आता,” काका म्हणाले.

गॅरेजवाल्याने गाडी खाली उतरवली. मग नव्या चाकांचा रिवाज म्हणून, किंवा त्याला फार गरज वाटली म्हणून, फळीवरची चार लिंबं घेऊन आला. काकांनी त्याचा हात धरला.

“लिंबं नकोत.”

“काका, लावू द्या. चांगलं असतं.”

“नकोत म्हटलं ना. तो गेलो तर?”

त्याने मजुरी घेतली नाही. मी बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? तो म्हणाला, “पॅड चेकिंगला टाकतो, साहेब. गाडी इकडे परत आणू नका.”

परतताना रिक्षात, पवईचं तळं मागे पडल्यावर, काका लोखंडी वजनावर हात ठेवून म्हणाले, “सत्तर किलोंचो झील होतो माझो. आता एवढोच उरलो हा.”

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी खाली जाऊन बसू लागले.

मी वाद घातला नाही असं नाही. पार्किंगमधल्या पाइपाला टेकून मी त्यांना सांगितलं, की यंत्रांना चुका करण्याचा हक्क असतो, की दुःखात माणूस हवा तो आकडा वाचतो. “तूही होतास की तिथे,” ते म्हणाले. “तू कुठला वाचलास?” त्यांनी कधी देव पाण्यात ठेवला नाही, मांत्रिक आणला नाही, भिंतीवर केदारचा हार घातलेला फोटोसुद्धा लावला नाही. अमावस्या-पौर्णिमा विचारणाऱ्या शेजारणींना ते पूर्वीच्याच तुसडेपणाने घालवत. फक्त गाडीपाशी आले की आधी उजव्या काचेवर बोटाने टकटक करत आणि मग वळसा घालून डावीकडे जात.

“काय बोलता एवढं तासभर?” मी एकदा विचारलं.

“बोलायचं कशाला? गाडी चालवणाऱ्याशी बोलू नये.”

आणि एकदा, न विचारता: “तू त्या दिवशी म्हणालास, चाकं घेऊ नकोस. मीही तेच म्हणालो. आपण दोघं बरोबर होतो, संपादक. रस्त्यावर त्यांचा उपयोग शून्य. पण त्याने जागा केली, ती काय रस्त्यासाठी नव्हती.”

चार पावसाळे असे गेले. पाचव्यात काकांचे पाय सुजले, मग श्वास लागू लागला. जिना बंद झाला. पलंगावर पडल्या पडल्या दुपार झाली की ते अस्वस्थ होत. एका दुपारी त्यांनी माझी मनगटं धरली. बोटांत जोर नव्हता, पण सोडवतही नव्हतं.

“त्याका जाऊन सांग, आज जमना नाय. वाट बघत रवात तो.”

मी खाली गेलो. गाडीपाशी नुसता उभा राहून परत आलो असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी उजव्या काचेवर टकटक केलं आणि सांगितलं. वॉचमनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

वर गेलो तेव्हा काका म्हणाले, “काय म्हणालो तो?”

“‘बघू’ म्हणाला,” मी म्हणालो.

ते पोट धरून हसले. इतके, की खोकला आला. त्याच आठवड्यात ते गेले, घरी, झोपेत, पंख्याखाली.

कुडाळच्या पुतण्याला गाडीचा उपयोग नव्हता. विकायचं माझ्यावर आलं. घ्यायला ठाण्याचा एक गोरटेला, घाईतला मुलगा आला. नवी बॅटरी, मित्राचा कॅमेरा आणि पिशवीत चार लिंबं घेऊन. चाकांवरून हात फिरवत त्याने विचारलं, “अंकल, व्हील्स वर्थ आहेत ना? म्हणजे फरक पडतो?”

“फिरणाऱ्या वजनात पडतो,” मी म्हणालो. “बाकीच्या वजनाचं मला सांगता येणार नाही.”

त्याला ते समजलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. तो लिंबं मांडायला लागला. मी वाकून चारही उचलली. कार्बनला लिंबाच्या रसाचा डाग पडतो, म्हणालो. हे मला तिथल्या तिथे सुचलं. अनेक वर्षं दुसऱ्यांची खोटी विधानं दुरुस्त केलेल्या माणसाने हे इतक्या सहज सांगावं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

तो आत बसला. सीट फारच मागे आहे म्हणत पुढे ओढली, पट्टा लावला, इंजिन सुरू केलं. लगेच आतून टिंग टिंग असा आवाज सुरू झाला.

“पट्टा,” मी म्हणालो.

“लावलाय, अंकल. हा साइडच्या सीटचा आहे. सीटवर वजन असलं की वाजतो.”

आम्ही दोघांनी डाव्या सीटकडे पाहिलं. त्याने तिथे हात फिरवला, सीट थोपटली. आवाज चालूच.

“सेन्सर गेला असेल,” तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र मघापेक्षा लहान झाला होता.

“असेल,” मी म्हणालो. सेन्सर बिघडतात. बरेच दिवस उभ्या गाडीत तर बिघडतातच.

मी वळसा घालून गेलो, डावं दार उघडलं, पट्टा ओढला, पोटाशी जरा सैल, काका ठेवत तसा ठेवला आणि खिट्टीत बसवला.

आवाज थांबला. दार मी हळू लावलं.