चार बोटांचं अंतर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. केतकीलाही माहीत नाही — आणि बायकोला मी एकोणीस वर्षांत बहुतेक सगळं सांगत आलोय, नको तेसुद्धा. मग आजच का? खरं सांगू, दमलोय. गोष्ट लपवायलाही रोज थोडी ताकद लागते, आणि माझी ताकद हल्ली जिना चढण्यातच संपते.

गुडघ्यांपासून सुरुवात करतो, म्हणजे मूळ मुद्दा जरा लांबेल. मी अकरा सीझन ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलो. ऑस्ट्रेलियात नव्हे, इथे, बर्मिंगहॅममध्ये. हसू आलं ना? सगळ्यांनाच येतं. सांगलीचा माणूस, पोटापाण्यासाठी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, आणि शनिवारी बिनबाह्यांचा शर्ट घालून लांबट चेंडूमागे धावतोय. ऑफिसात क्रेग नावाचा एक मेलबर्नचा होता. त्याच्या टीमला माणसं कमी पडत होती. मी कॉलेजात कबड्डी खेळायचो, कोपऱ्यावर, हे मी त्याला एकदा जेवताना सांगून बसलो. कबड्डी म्हणजे काय ते त्याने फोनवर पाहिलं आणि म्हणाला, शनिवारी ये.

सगळा खेळ समजावून सांगायची गरज नाही, एवढंच पुरे. मैदानाच्या टोकाला चार खांब. आमचे प्लास्टिकच्या पाइपचे होते, दर शनिवारी आम्हीच रोवायचो. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण. पण जाता जाता बचाववाल्याचा हात त्याला लागला, नखाएवढा जरी, तर सहाचा एक होतो. मी तो बचाववाला. सगळ्यात मागे उभा राहणारा. बचाव म्हणजे घरातली फरशी पुसण्यासारखं काम आहे, पुसलेली कुणाला दिसत नाही, राहिलेली बरोबर दिसते.

आणि खांबांच्या मध्ये, अगदी माझ्या पाठीशी, उभे असायचे देशमुखकाका.

काका मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. काकू गेल्यावर त्यांनी वरची खोली भाड्याने दिली आणि मी तिथे राहायला आलो, लग्नाच्या आधी. लग्न झाल्यावर आम्ही दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं, पण चहा त्यांच्याकडेच. आमच्या लीगमध्ये पैशाचे पंच नसतात. गोल झाला की नाही हे बघायला प्रत्येक टीमने आपला एक माणूस द्यायचा, अशी रीत. कुणालाच ते काम नको असतं, थंडीत दोन तास नुसतं उभं राहायचं. मी काकांना घेऊन गेलो. म्हटलं, घरात बसून काय करताय?

त्यांनी नियमांचं पुस्तक पाठ केलं. लॅबचा जुना पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून घातला. दोन निशाणं हातात घेऊन ते असे उभे राहायचे की जणू राष्ट्रगीत सुरू आहे. गोल झाला की दोन निशाणं, नुसता एक गुण असला की एक. आणि न्याय कसा, तर आमच्याच विरुद्ध निर्णय देताना हात जराही अडखळायचा नाही. क्रेग कुरकुरायचा. पण समोरच्या टीमचे लोक, सामना हरूनही, काकांशी हात मिळवून जायचे. "मला जे दिसलं ते मी सांगतो बाप्पा, बाकी तुमचं तुम्ही बघा," एवढंच काका म्हणायचे. त्या वर्षांत त्यांचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारी संपायचा. हे मला माहीत होतं. माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

आता तो सामना. कार्डिफला, एका रग्बीच्या मैदानावर. फायनल. कप आम्ही एकदाही जिंकलो नव्हतो, आणि मी एकोणचाळीसचा झालो होतो. शेवटचं मिनिट, आम्ही तीन गुणांनी पुढे. त्यांच्या माणसाने लांबून लाथ मारली. मी मागे धावलो, उडी घेतली, उजवा हात जेवढा ताणता येतो तेवढा ताणला.

चेंडू वरून गेला.

बोटांना वारा लागला. चेंडू नाही लागला. जाणवतं हो, नाही लागलं की जास्तच जाणवतं. मी चिखलात पडलो, उठलो, आणि हात वर केला. या खेळात बचाववाल्याने हात वर केला की त्याचा अर्थ, माझा स्पर्श झालाय. कबड्डीत आम्ही उलट करायचो. चढाईवाल्याचं बोट लागलं, पंचाने पाहिलं नाही, तरी आपणच हात वर करून बाहेर जायचं. आमचे सर तसं शिकवायचे, आणि मी मिरजेच्या एका सामन्यात तसा बाहेर गेलोही होतो. ही हकीकत मी काकांना कितीतरी वेळा ऐकवली होती. फुशारकीच ती. त्यांना फार आवडायची.

मुख्य पंच लांब होता. त्याने काकांवर सोडलं. दोन्ही टीम ओरडत होत्या. काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मराठीत विचारलं,

"अविनाश, हात लागला का रे?"

"लागला, काका."

त्यांनी एकच निशाण हलवलं. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून टीममध्ये माझं नाव 'टच' पडलं. आजही बार्बेक्यूला गेलो की तरुण पोरांना सांगतात, हा तो टच.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. खेळात माणूस खोटं बोलतो, रक्त गरम असतं, असं काहीबाही स्वतःला सांगता येतं. पण त्याच संध्याकाळी परत येताना गाडीत केतकी मागे झोपली होती, काका माझ्या शेजारी. आम्ही नदीवरचा मोठा पूल ओलांडला. मग ते म्हणाले, "इंग्रजीत विचारलं असतं तर तू टीमचा म्हणून उत्तर दिलं असतंस. म्हणून मराठीत विचारलं." मी मान हलवली. थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "मला मध्ये उजेड दिसला होता रे. चार बोटं तरी. डोळे गेले म्हणायचे आता."

तेव्हा सांगायला हवं होतं. गाडीत तिघंच होतो, कप डिकीत होता. एक वाक्य. मी हीटर वाढवला.

सोमवारी लीगची मेल आली. समोरच्या टीमने तक्रार केली होती, की खेळाडू आणि गोल पंच आपसात त्यांच्या भाषेत बोलले आणि मग निर्णय झाला. कुणाकडे फोटो असल्यास पाठवावेत. आमची टीम भडकली. क्रेगने लांबलचक उत्तर लिहिलं, की आपल्या भाषेत बोलणं हा गुन्हा आहे का, गोऱ्या पंचाला असं विचारलं असतं का. तसं खरंच कुणाच्या मनात असेलही. पण या वेळी त्यांची शंका खरी होती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. तरी मी दुखावल्यासारखा चेहरा करून बसलो. लोकांनी पाठीवर हात ठेवले, ते मी ठेवून घेतले.

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी मघापासून गिरक्या घालतोय.

केतकीने त्या दिवशी कॅमेरा नेला होता. ती गोलच्या मागे उभी होती. मंगळवारी दुपारी घरून काम करताना मी चहा केला, कार्ड लॅपटॉपला लावलं आणि एकेक फोटो बघत गेलो. सापडला. स्वच्छ, लख्ख. माझा हात, वर चेंडू, आणि मध्ये उजेड. मी फोटोतल्या माझ्याच बोटांशी तो ताडून पाहिला. काका म्हणाले होते तेवढाच. माणसाने चाळीस वर्षं काचेखाली पेशी उगीच नव्हत्या मोजल्या.

मी तो पुसून टाकला. आधी लॅपटॉपवरून, मग कार्डावरून. मग चहा प्यायलो, आणि तो गार झालेला नव्हता. इतका कमी वेळ लागला. तेव्हा रक्त गरम नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, समोर फक्त काकांचे डोळे बरोबर असल्याचा एकमेव पुरावा होता. केतकीने संध्याकाळी विचारलं, तो शेवटचा आला का गं फोटोत — असं नाही, तिने म्हटलं, शेवटचा मी काढला होता ना? मी म्हटलं, नाही दिसला. ती म्हणाली, मग तेव्हा नेमकी मी थंडीने हात चोळत असेन. बघा, वाक्य आठवतानासुद्धा मी आधी चुकीचं लिहिलं, तिच्या तोंडी माझा 'गं' घातला. तिचा प्रश्न मी माझा करून टाकला.

पुरावा नाही म्हणून तक्रार निकाली निघाली. लीगने काकांना काही म्हटलं नाही. काकांनीच निशाणं परत दिली. क्रेग घरी जाऊन विनवून आला, मीही गेलो. हो, मीही. काका म्हणाले, ज्याला दिसत नाही त्याने तिथे उभं राहू नये. चष्मेवाल्याकडे जाऊन आले होते. त्याने सांगितलं की वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. काकांनी ते मानलं नाही. यंत्र डोळा तपासतं, नजर नाही, म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी विकली. कोट मात्र दाराच्या मागे तसाच होता, इस्त्री केलेला.

मी आणखी चार सीझन खेळलो. निवृत्त झालो तेव्हा टीमने माझा शर्ट फ्रेम करून दिला, खाली पितळेच्या पट्टीवर त्या सामन्याचं नाव. तो आमच्या जिन्यात लावलाय. चढताना रोज उजव्या हाताला येतो.

गाडी गेली तसं काकांचं देवळात जाणंही सुटलं, शनिवार तर आधीच गेला होता. तीन वर्षांपूर्वी काकांची मुलगी त्यांना बेसिंगस्टोकला घेऊन गेली. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. मी दोन महिन्यांनी एकदा जातो. केतकीला वाटतं, किती करतो हा काकांचं. शेजारीपाजारी कुणी आलं की काका माझी ओळख करून देतात आणि मिरजेच्या सामन्याची गोष्ट सांगतात. कुणी पाहिलं नव्हतं तरी आपणहून हात वर करून बाहेर गेला, म्हणतात. कार्डिफचा विषय ते काढत नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला निघालो. सिग्नलपाशी त्यांनी बटण दाबलं. भर दुपार होती, ऊन पाठीशी होतं. पलीकडचा हिरवा माणूस लागला. त्यांना दिसला, मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, दिसला होता. पण ते हलले नाहीत. माझ्याकडे वळले.

"झाला का रे हिरवा?"

"झाला, काका," मी म्हटलं.

त्यांनी माझा उजवा हात धरला आणि माझ्या शब्दावर रस्त्यात पाऊल टाकलं.