साहेबांनी जोडलेला तारा

माझी ताई आकाशात मेलेले तारे शोधते. एखाद्या शहराएवढे आटलेले, एकटे पडलेले. ते क्ष-किरण सोडतात, पण साध्या दुर्बिणीला जवळपास दिसत नाहीत. म्हणून क्ष-किरणांचा ठिपका सापडला की ताई त्या जागेचा साधा फोटो बघते. तिथे नेहमीचा तारा असला की ठिपका बाद. काहीच नसलं, तर त्या दिवशी तिला जेवण सुचत नाही.

असा एक ठिपका तिला सापडला, आणि तिच्या संशोधन गटाच्या साहेबांनी तो बाद केला. का, तर फोटोत त्या जागी तारा होता. अहो, क्ष-किरणांची नोंद वीस वर्षांपूर्वीची, फोटो गेल्या वर्षीचा! तारेही सरकतात. जुन्या फोटोत तोच तारा चांगला बाजूला होता. ताईनं दोन्ही फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी मान वर केली नाही. "संगणकानं हा तारा त्या ठिपक्याशी जोडलाय. विषय संपला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जाऊन चांगलं सुनाव त्याला," मी म्हणालो.

"ओरडल्यानं काय होणार आहे?" ताई भांडी विसळत म्हणाली.

तिनं ओरडण्याऐवजी मोठ्या दुर्बिणीसाठी स्वतःच्या नावानं अर्ज केला. साहेबांना कळलं, आणि त्यांनी तिच्या नोकरीची मुदत पुढे वाढवली नाही. माणूस इतका कोत्या मनाचा असू शकतो!

दोन महिन्यांनी फोटो आला. तारा आणखी पुढे सरकला होता आणि ठिपक्याची जागा काळीकुट्ट होती. ताई खुर्चीत बसून हसत सुटली. आईनं घाबरून पाणी आणलं.

बातमी कानावर गेली तसा साहेबांचा फोन आला, आवाजात साखर पेरलेली. "आपल्या गटाला मोठं यश मिळालं. परत ये, शोधनिबंधात तुझंही नाव घालू."

तुझं'ही'! मी फोन हिसकावणार होतो, ताईनं हात धरला.

"त्यात तो तारा कोणी जोडला होता, तेही लिहाल का, सर?"

पलीकडून फोन बंद झाला. निबंध आला तेव्हा त्यात साहेबांचं नाव पहिलं होतं आणि ताईचं शेवटच्या पानावर, आभारात.

मी अजून त्या माणसाच्या नावानं बोटं मोडतो. परवा चिडून तिलाच विचारलं, "तुला रागच येत नाही का गं?"

ती पुसलेलं ताट फडताळात ठेवत म्हणाली, "येतो रे. रोज येतो."