माझं वेगळं नेलकटर

इथं उत्तरेत, तेलीबागेतल्या न्हाव्यानं दाढी करताना मला हनुवटीखाली कापलं. ब्लेड नवं होतं की जुनं, मी पाहिलंच नव्हतं. मोबाइल बघत होतो. तेवढ्यावरून मला एचआयव्ही झाल्याचं मी ठरवून टाकलं.

दीड महिन्यानं तपासणी केली, निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा, निगेटिव्ह. मग जिभेवर पांढरा थर दिसला, म्हणून तिसरी, तीही निगेटिव्ह. समुपदेशक बाई म्हणाल्या, "भाईसाहब, तीन महीने बाद की रिपोर्ट पक्की होती है. अब दूसरों को आने दीजिए." मी "हाँ जी" म्हणालो आणि बाहेर येऊन मानेतल्या गाठी चाचपल्या.

माझी नोकरी मानक नगरात, रेल्वेचे सुटे भाग तपासायची. लोखंडाचा तुकडा चाचणीत पास झाला की मी सही करतो आणि त्या भरवशावर लोक गाडीत घोरतात. लोखंडाच्या रिपोर्टवर मी कधी शंका घेतली नाही.

घरी काही बोललो नाही. टॉवेल वेगळा केला, निळं नेलकटर आणून वरच्या खणात ठेवलं. पापी घेतल्यानं काही होत नाही हे मला तोंडपाठ होतं, तरी सहा वर्षांच्या लेकीला जवळ घेणं सोडलं. बायकोपासूनही लांब झोपू लागलो. तिनं विचारलं तेव्हा "ऑफिसचं टेन्शन" म्हणालो. ती वाळत गेली. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. मी तर वैऱ्याला कामच ठेवलं नव्हतं.

एका रविवारी बाल्कनीत ती लेकीची नखं कापत होती. हातात निळं नेलकटर.

"ते माझंय!" मी ओरडलो.

"आपलं लाल कधीच हरवलं. सहा महिने आम्ही दोघी हेच वापरतोय. टॉवेलही तुमचाच."

न्हाव्यापासून जिभेपर्यंत सगळं तिथंच सांगून टाकलं.

तिनं नेलकटर खाली ठेवलं. "म्हणजे दुसरी कुणी नाही?"

"न्हावी आहे."

ती हसेल असं वाटलं होतं. ती रडली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"पापा, एक हाथ बाकी है," लेक म्हणाली.

मी नेलकटर घेतलं आणि तिचा हात धरला. सहा महिन्यांत तो बराच मोठा झाला होता.