पडणारा जानकू

शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना जानकूने मनाला बजावलं, आज काही झालं तरी हसायचं नाही.

मढच्या जत्रेतली हजेरी होती. आदल्या रात्री तमाशा करून दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा उभं राहायचं, ती हजेरी. रंगमंचावर राजवाड्याची रंगवलेली भिंत, तिला टेकवलेली दोन पुरुष उंच शिडी आणि खाली कापसाची गादी. वगातला चोर जानकू. त्याने वर चढायचं, खालच्या पहारेकऱ्याने, म्हणजे संपतने, टोमणा मारायचा आणि जानकूने हसत हसत वरून कोसळायचं. ही मोहिनीबाईंची, फडाच्या मालकिणीची, नवी कल्पना.

"पाच वर्षं भुईवर पडतोस आन् लोक शिट्ट्या मारत्यात," त्या म्हणाल्या होत्या. "यंदा वरनं पड. दुसऱ्या फडांकडं झगमग दिवं हायती, आपल्याकडं तू हाईस."

जानकूने मान डोलावली होती. पडणं ही त्याची कला नव्हती, हे त्यांना सांगणार कोण?

तो धनगराच्या घरातला. मेंढरांमागे फिरताना पाटलाच्या चालण्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचा. फडात आला आणि सोंगाड्या झाला. बतावणीच्या विनोदी संवादांत त्याची आणि संपतची अशी जोडी जमली, की एकाने हात उचलावा आणि दुसऱ्याने शब्द टाकावा. एका जत्रेत संपत ऐन वेळी काहीतरी भलतंच बोलला. जानकूला खरंखुरं हसू फुटलं. आधी हनुवटी लोंबली, मग मान, मग गुडघे. रिकाम्या पोत्यासारखा तो खाली आला. कानांना सगळं ऐकू येत होतं, बोट मात्र हलेना. थोड्या वेळाने तो उठला, तेव्हा जत्रा उभी राहून टाळ्या पिटत होती. मोहिनीबाईंनी आत बोलावून त्याला फेटा बांधला. फेट्याच्या वजनाखाली खरं बोलणं राहून गेलं.

पुढे झोपही छळू लागली. तोंडाला रंग लावता लावता डोळा लागायचा. ट्रकमध्ये बसल्या बसल्या स्वप्न सुरू व्हायचं. दारू पितो, अशी कुजबुज झाली. बायकोने, सरुबाईने, दोनदा तोंडाचा वास घेतला आणि तिसऱ्यांदा सरळ नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. तिथून पुण्याला धाडलं. तिथे डोक्याला वायरी लावून त्याची झोप तपासली.

"स्वप्नात तुम्ही पळता, तेव्हा अंथरुणात पाय का पळत नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बायको लाथ घालंल म्हनून," जानकू म्हणाला.

त्या हसल्या. जानकू हसला नाही. रंगमंचाबाहेर त्याने ती सवयच सोडली होती.

"स्वप्न चालू असताना मेंदू अंग सैल सोडतो, म्हणून माणूस जागेवर राहतो. माणसाला नीट जागं ठेवणारं एक द्रव्य मेंदूत असतं. ते तुमच्याकडे फार कमी झालंय. मग स्वप्नातलं ते सैलपण जागेपणीच अंगात उतरतं. तुमच्या बाबतीत त्याला हसण्याचं निमित्त लागतं." आजाराचं नाव नार्कोलेप्सी. मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी पडणं खूप कमी होतं. तोवर मोटरसायकल, विहिरीचा काठ, उंच जागा, सगळं बंद.

गोळ्यांची पाकिटं जानकूने रंगाच्या पेटीत तळाशी सारली. पडणारा जानकू न पडता उभा राहिला, तर त्याला विचारणार कोण? घरी मात्र त्याने घेतो म्हणून सांगितलं.

आता तो शिडीच्या टोकाला होता. खाली गादी हातरुमालाएवढी दिसत होती. संपतचा टोमणा कुठल्याही क्षणी येणार होता. जानकूने दात आवळले.

टोमणा आला नाही. संपत दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून वर बघत होता.

"चोरा," तो सपाट आवाजात म्हणाला, "आज टोमॅटोला काय भाव हाय?"

लोक वाट बघत राहिले. कोणीतरी खोकलं.

"म्हायती न्हाई? मग खाली ये. सावकाश ये."

"ए संपत, झोपला का रं?" गर्दीतून आवाज आला.

जानकूच्या लक्षात आलं. याला कळलंय. आयुष्यात एक टाळी वाया न घालवलेला हा माणूस आज भरल्या जत्रेत मुद्दाम पडेल वाक्यं टाकत होता, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि चेहरा मात्र शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. जानकूचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी, बरगड्यांखाली कुठेतरी, हसू सुरू झालं.

हनुवटी सुटली. त्याने घाईने कोपर पायरीत अडकवलं. बिबट्याने नेलेली मेंढी आठवून पाहिली, मेलेली आई आठवून पाहिली. हसू थांबेना. जीभ जड होत चालली.

"आक्का," तो मोहिनीबाईंना उद्देशून कसंबसं ओरडला, "सोंग न्हाई करत मी. खरंच पडतो. उतरवा मला."

जत्रा खदखदून हसली. आडोशाला उभ्या मोहिनीबाईंनीही टाळी वाजवली. संपत तेवढा वर चढला. त्याने खांदा जानकूच्या खाली दिला आणि गुडघे गेले तेव्हा सगळा भार त्या खांद्यावर आला. एकेक पायरी करत तो त्याला घेऊन उतरला, गादीवर ठेवला आणि कानाशी वाकला.

"वहिनीचा फोन आला व्हता, गोळ्या घेतो का बघा म्हनून. पेटी उघडली तर सगळ्या तशाच. गाढवा, मेला असतास की."

जानकूला सगळं ऐकू येत होतं. उत्तर देता येत नव्हतं.

राहुटीत संपतने गोळ्यांची पाकिटं मोहिनीबाईंपुढे ठेवून सगळं सांगितलं. "पाच वर्षं तुझ्या दुखण्यावर टाळ्या घेतल्या मी," त्या जानकूला म्हणाल्या. "तोंडानं सांगायचं न्हाई व्हय रं?" मग स्वतःच्या तांब्यातलं पाणी पुढे करून, समोर बसून, त्यांनी गोळी गिळायला लावली. शिडी त्या दिवसापासून कनातीचे दोर बांधायला गेली.

गोळ्या लागू पडल्या. पडणं जवळजवळ थांबलं आणि नवीच पंचाईत आली. लोकांना पडणारा जानकू हवा होता, आणि जानकूला खोटं पडता येत नव्हतं. हात आधी पुढे यायचा, डोळे जागा शोधायचे. दुपारी राहुट्यांमागे कडब्यावर संपत त्याला पडायला शिकवू लागला.

आळेफाट्याजवळच्या एका गावी खेळ संपल्यावर संपत पोट धरून हसत आत आला.

"पहिल्या रांगेतला म्हातारा काय म्हनला ऐकलंस? 'हा पहिला लई झ्याक पडायचा. आता नुसतं नाटक करतोय, राव.'"

जानकूला हसू फुटलं. संपतचा हात आपोआप पुढे झाला. जानकूचे गुडघे जरासे लटपटले, पण त्यांनी त्याला उभं धरलं.